कोंडसरे, प्रवासी एक

१

जेवणं झाली की अडीच ते साडेतीन हा तास आमचा, म्हणजे माझा आणि बाबांचा. मी घरूनच काम करतो. लोकांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा भाषेत कळवायच्या, हा माझा धंदा. माझी बायको रुचिरा घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते, साडेसहाच्या आत काही घरी येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचा सांधा बदलावा लागला, तेव्हा त्यांची दिवसभराची सोबत आपसूक माझ्याकडे आली.

मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी बाबांची खाट, खाटेला टेकून त्यांचा वॉकर आणि उशाशी माझं कॉम्प्युटरचं टेबल. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. आधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गिरणी गेल्यावर एका शाळेत शिपाई. दुपारी झोपणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत गावी जायचं नाही असं बजावल्यापासून ते माझ्याशी फुगूनच होते, जणू डॉक्टरांना तसं मीच शिकवलं होतं.

त्यांचं मन रमवायला म्हणून मी कॉलेजातला आगगाड्यांचा खेळ शोधून काढला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ. वरून दिसणारा हिरवा नकाशा, त्यावर चिमुकली गावं, डोंगर, नद्या. आपण रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, गाड्या सोडायच्या. कंपनी नफ्यात आणायची असते, पण त्याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. मी गावांची नावं बदलली. मुलुंड, भांडुप, घाटकोपर आणि पार खाली समुद्राजवळ एकच घर असलेल्या ठिपक्याला नाव दिलं, कोंडसरे.

कोंडसरे आमचं गाव. खऱ्या कोंडसऱ्याला रेल्वे नाही, एसटीसुद्धा फाट्यापर्यंतच जाते. पण पडद्यावर ते नाव उमटलं आणि बाबा कोपरावर उठून बसले.

"देऊळ खय दाखवलंस ता? व्हाळाच्या पलीकडे घाल."

"बाबा, देऊळ नाही घालता येत. स्टेशन येतं फक्त."

"मग स्टेशन व्हाळाच्या पलीकडे घाल."

मी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे स्टेशन घातलं. घाटातून बोगदे काढत रूळ तिथवर न्यायला आम्हाला चार दुपारी लागल्या. इतके खूश बाबा मी ऑपरेशननंतर पाहिले नव्हते.

२

पाचव्या दुपारी पहिली गाडी सोडायची होती. मी बटणावर माऊस नेला तर बाबा म्हणाले, "अरे थांब. गाऱ्हाणा कोण घालतलो?"

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने उभं राहून देवाला सगळं बैजवार सांगायचं, काय काम आहे, कोण कोण करणार आहे, काय सांभाळायचं आहे. आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून ऐकून ऐकून माझ्या जिभेला त्याचा ठेका बसला आहे. ऑफिसच्या पार्ट्यांत मी खोटी गाऱ्हाणी घालून लोकांना हसवायचो. बाबांचा घसा बसला होता, म्हणून त्यांनी मलाच हुकूम केला. मीही हात जोडून कॉम्प्युटरपुढे उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, कोंडसऱ्याच्या वाडीवस्तीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. त्यांना हसू येत होतं.

"आज हय मुलुंडात बसान तुज्या लेकरान रूळ घातलेले आसत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्यावरसून जी गाडी धावतली, तिका खय आडकाठी येवक देव नको."

"व्हय म्हाराजा."

आता शेवट जोरदार हवा, म्हणून मी सुचेल ते ठोकून दिलं. "आणि थय शिवेर जो कोण वाट बघत उबो आसात, तेका गाडयेत घे आणि आमच्या घराक सुखरूप आणून पोचव रे म्हाराजा."

या वेळी बाबांचा 'व्हय' आला नाही. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि हसू विझलं होतं.

"व्हय म्हाराजा."

आवाज आतल्या बेडरूममधून आला. पुरुषाचा, साधा, घाई नसलेला. घरात आम्ही दोघंच होतो. मी आत जाऊन पाहिलं. पलंग, कपाट, खिडकीच्या जाळीला वाळत घातलेले रुचिराचे मोजे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडे मालिका चालू असणार, असं मी ठरवलं. भिंती पातळ आहेत, टीव्हीचे आवाज येतातच. मालिकेत मालवणी बोलणारी पात्रं हल्ली असतात.

मी परत आलो तर बाबा माझ्याकडेच बघत होते.

"तू कोणाचा नाव घेतलंस?"

"कोणाचंच नाही. असंच म्हटलं, गावच्या शिवेवर जो कोण असेल तो."

"गाऱ्हाण्यात नावान बोलवूचा असता," ते म्हणाले. "शिवेर कोण उबो रवता, तुका काय म्हायत?"

गाडी तेवढ्यात सुटली होती, बटणावर माझाच हात पडला असणार. मी गंमत म्हणून शिट्टीचा आवाज मोठा केला, पण त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही.

३

त्या खेळात स्टेशनवर माऊस नेला की किती प्रवासी थांबलेत ते दिसतं. पहिली गाडी आली की माणसं जमायला लागतात, दहा, वीस, साठ. भांडुपला तशीच जमली. कोंडसऱ्याला आकडा होता १.

चार-पाच दिवस तो एकच राहिला. गाडी यायची, थांबायची, रिकामी परत जायची आणि तो एक तिथेच उभा. मला मजा वाटली. माझं कामच असल्या चुका शोधण्याचं. एकच घर असलेलं गाव, कुठेतरी भागाकार करताना प्रोग्रॅम गोंधळत असेल. मी बाबांना तसं समजावून सांगितलं. ते पडून होते. त्यांनी मला पुन्हा एकदा गाऱ्हाण्यातले माझे शब्द म्हणायला लावले आणि डोळे मिटून ऐकले.

मंगळवारी दुपारी आकडा ० झाला. गाडीवर माऊस नेला. प्रवासी १, मुलुंड.

"चडलो," बाबा म्हणाले. खाटेवरून त्यांना ते आकडे वाचता येणं शक्य नव्हतं. चष्मा तर माझ्या टेबलावर होता.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, हे कबूल करतो. म्हणजे घाम वगैरे नाही, पण खेळ पुढे चालू ठेवायची इच्छा गेली. मी खेळ थांबवला, तेव्हा गाडी घाटाच्या पायथ्याशी होती. कॉम्प्युटर बंद केला आणि कंपनीचं काम लॅपटॉपवर उरकलं. दुसऱ्या दुपारी परत लावला तर ती घाट चढून घाटकोपरपाशी आली होती. खेळ आपोआप साठवला जातो, आदल्या दिवशी शेवटी मीच पुढे नेला असेन, असं म्हणत मी सरळ भांडुपच्या पुढचा रुळाचा एक तुकडा उचकटून टाकला. आता गाडी तुटलेल्या जागी थांबणार. खेळाचा नियमच तसा आहे.

ती घाटकोपरहून निघाली, भांडुपला थांबली, पुढे सरकली. तुटलेल्या रुळापाशी आली आणि मग मुलुंडला उभी होती. मधलं काही मी पाहिलं नाही. पापणी लवली असेल एवढंच म्हणू शकतो.

प्रवासी उतरले, १.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची आहे. ती वर येताना सगळ्या मजल्यांना कळतं. ती वर आली. जाळी सरकल्याचा आवाज आमच्याच मजल्यावर झाला. बेल वाजेल म्हणून मी वाट बघत राहिलो. वाजली नाही. शेवटी मीच दार उघडलं. लिफ्ट समोर उभी होती, जाळी उघडी, आत दिवा चालू, माणूस नाही. मी जाळी लावून घेतली आणि दोन पावलांत घरात परत आलो.

बाबांनी दोन्ही पाय वर ओढून पोटाशी घेतले होते. ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा पाय खाटेवर ठेवायचा तर मला दोन्ही हातांनी उचलावा लागे.

"बाबा, काय झालं? दुखतंय का?"

"दार कित्या उघडलंस?" ते म्हणाले.

४

घर तेच होतं. काही पडलं नाही, फुटलं नाही. मी तर दोन दिवस मुद्दाम शिट्टी वाजवत हिंडलो.

पण बाबा आतल्या खोलीकडे पाठ करून झोपेनात. आणि पॅसेजमधून जाताना मी अंग चोरून, भिंतीला लागून जायला लागलो होतो. समोरून कोणी येत असलं की आपण वाट देतो ना, तसा. हे माझ्या लक्षातही आलं नसतं. रुचिराने शुक्रवारी सकाळी चहा घेता घेता विचारलं, "तू असा खेकड्यासारखा काय चालतोस रे?"

मग तिने आणखी एक विचारलं.

"आणि माळ्याच्या कडेला तेल कोणी लावलं?"

आमच्या पॅसेजमध्ये डोक्यावर सिमेंटचा माळा आहे, जुन्या बॅगा आणि गणपतीचं मखर ठेवायला. त्याची खालची कड जमिनीपासून सात फुटांवर. त्या कडेवर तळव्याएवढा तेलकट डाग होता. मी स्टूल घेऊन चढलो, बोट लावून वास घेतला. डोक्याला लावायचं खोबरेल. गावी लोखंडी घाण्यावर काढायचे, तसं थोडं जळकट वासाचं.

"इथे डोकं टेकलंय कोणाचं तरी," रुचिरा म्हणाली. ती हसत होती. "तू पाच फूट सहा, मी पाच फूट दोन. कोण रे आलं होतं घरी?"

लॅबमध्ये दिवसभर डाग बघणारी बाई ती, तिने फडकं आणून तो पुसला आणि कामावर गेली. मी पुसू नको म्हणणार होतो. का, ते सांगता आलं नसतं.

दुपारी मी खेळ लावला. लावायचा नव्हता, पण बघितल्याशिवाय राहवेना. गाडी अजून मुलुंडलाच उभी होती. स्टेशनवर माऊस नेला.

कोंडसऱ्याला जाणारे, २.

 एक आला होता. जाणार दोन होते. घरात आम्ही तिघं.

मी खेळ पुसून टाकायला निघालो तेव्हा बाबांनी माझा दंड धरला. त्यांच्या हातात एवढी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं. "गाडी मोडू नको," ते म्हणाले. "ती मोडलंस तर तो परत कसो जातलो? मग हयच रवतलो."

"कोण, बाबा? कोण आहे तो?"

"माका नाव ठावक आसता तर नावान गाऱ्हाणा घालून तेका कधीच परत धाडलय असतय," ते म्हणाले आणि मग हळू आवाजात, "दुसरो कोण न्हेवचो, ता तो बघता हा."

५

शनिवारी रुचिराला अर्धा दिवस असतो. जेवलो, तिने भांडी घासली, मी बाबांना गोळ्या दिल्या. तीनच्या सुमारास मी गॅलरीत त्यांचं पांघरूण उन्हात टाकत होतो. मागून बाबांची हाक आली. माझं नाव नाही, तिचं.

"रुचिरा. गो बाय, थांब."

मी आत वळून पाहिलं. पुढचं दार सताड उघडं होतं. रुचिरा उंबऱ्यात उभी होती, पायात चपला, अंगात घरातला गाऊन. तिचा उजवा हात वर होता, खांद्याच्याही वर, कोपर ताठ. बाजारात लहान मूल बापाचं बोट धरून उभं राहतं, तसा. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता.

मी धावत जाऊन तिला कमरेला धरून आत ओढलं. दार लोटून कडी घातली. कडी दोनदा निसटली.

"अरे, काय करतोस? लागलं ना," ती म्हणाली. "दार लावायला आले होते मी. उघडं दिसलं."

"चपला का घातल्यास?"

तिने खाली पाहिलं. मग माझ्याकडे.  मी तिचा उजवा हात हातात घेतला. बोटं गारठलेली होती आणि तेलाने चिकट झाली होती. तिनेही ती नाकाशी नेली.  ती मोरीत गेली आणि साबणाने हात धूत राहिली, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी बाहेर उभा राहून पाण्याचा आवाज ऐकत होतो.

बाबा खाटेवर बसून हे सगळं बघत होते. 

मी रुचिराला तिच्या आईकडे बोरिवलीला नेऊन सोडलं. तेवढा वेळ बाबांपाशी खालच्या मजल्यावरच्या मधुवंतीताई बसल्या. टॅक्सीत मी रुचिराला सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यापासून. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "आणि तू? आणि बाबा?"

६

सोमवारी बाबांनी आंघोळ मागितली. मग दाढी. मग कपाटातला पांढरा हाफ शर्ट, जो ते लग्नकार्यालाच घालतात. मला बरं वाटलं. दोन दिवस ते जेवले नव्हते.

"आज गाऱ्हाणा मी घालतंय," ते म्हणाले. "तुजा चुकला हा, ता निस्तरूक व्हया. तू खेळ लाव. आणि नुसतो व्हय म्हण. मदी बोलूचा नाय, मदी थांबूचा नाय. थांबलंस तर सगळा वाया."

"आणि मग तो जाईल?"

"जातलो."

मी खरंच हायसं वाटून टेबलाशी बसलो. बाबांना यातलं कळतं, आपल्याला कळत नाही, ते करतायत ना, मग झालं. एकेचाळीस वर्षांचा माणूस मी, पण तापात बाप उशाशी बसल्यावर वाटतं तसं मला वाटलं. खेळ सुरू केला. मुलुंड स्टेशनवर माऊस ठेवला. कोंडसऱ्याला जाणारे, २. हा आकडा कधी हलतो, एवढ्यावरच माझं लक्ष होतं.

माझ्या पाठीमागे बाबांनी सुरुवात केली. बसलेला घसा एकदम मोकळा झाला होता.

"बा देवा म्हाराजा, लेकराच्या तोंडातसून नको ता गेला, ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. आणि माझ्या आवाजाबरोबर आणखी एक आवाज होता. पॅसेजमधून, माळ्याच्या उंचीवरून. मला थांबायचं नव्हतं. मी डोळे आकड्यावरून काढले नाहीत.

"जो हय इलो, तेची परतीची वाट मोकळी कर."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरची सून, तिची पावला ह्या उंबऱ्याच्या आतच रवांदेत."

"व्हय म्हाराजा." तो आवाज आता हॉलमध्ये होता. डोक्यावरचा पंखा फिरता फिरता मंदावला.

"ह्या घरचो झील, तेचो हात कोणाच्या हातात जावक नको."

"व्हय म्हाराजा." मला खोबरेलाचा वास आला. मानेवर काहीतरी गार टेकलं आणि दूर झालं. मी माऊस घट्ट धरला. बाबांचा वेग वाढला होता, आता शब्दांवर शब्द येत होते आणि माझं तोंड ठेक्याबरोबर चालत होतं.

"आणि जाणाऱ्याच्या सोबतीक राजारामाचो झील गुणाजी ह्या घरातसून दिलो आसा, तो मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

आकडा ० झाला. गाडी हलली. सुटलो, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा.

मग मला ऐकू आलं की बाबा काय म्हणाले होते. राजाराम माझे आजोबा. गुणाजी माझे बाबा.

मी वळलो. खाट रिकामी होती. वॉकर जागेवर होता. पुढचं दार उघडं होतं. लिफ्ट खाली जाताना ऐकू येत होती. मी गॅलरीकडे धावलो, कारण जिन्याने गेलो असतो तर ते मला दिसलेच नसते.

खाली सोसायटीच्या आवारात भर उन्हात बाबा चालत होते. लंगडत नव्हते, काठी नव्हती, पांढरा शर्ट. त्यांचा उजवा हात वर होता, पार डोक्याच्या वर, आणि बोटं मिटलेली होती. ते मान वर करून कोणाशी तरी बोलत होते. गेटपाशी पूजेच्या वेळी बांधलेली पताकांची दोरी अजून तशीच आहे, या खांबापासून त्या खांबापर्यंत, टेम्पो खालून जाईल एवढी उंच. बाबा तिथवर पोचले तेव्हा दोरी मधोमध वर उचलली गेली, वाकून जाणारा माणूस हाताने उचलतो तशी, आणि पलीकडे गेल्यावर अलगद सोडली गेली.

मी ओरडलो. बाबांनी वळून पाहिलं नाही. मी जिन्याने खाली पोचेपर्यंत रस्त्यावर ते कुठेच नव्हते.

वॉचमन म्हणतो, काका एकटेच गेले, एकदम फिट चालत होते, त्याला उलट आनंद झाला. पोलिसांनी दुकानांचे कॅमेरे तपासले. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत बाबा दिसतात, पुढच्या कॅमेऱ्यात नाहीत. कोंडसऱ्याला मी स्वतः जाऊन आलो. चुलतभाऊ जयवंतने सगळी वाडी पालथी घातली. या गोष्टीला आता सात महिने होतील.

रुचिरा परत आली आहे. ती रात्रंदिवस मला धीर देते. त्यांना भ्रम झाला असेल, असं अचानक निघून जाणारी म्हातारी माणसं असतात, तुझी त्यात काय चूक, असं म्हणते. पोलिसांनी विचारलं, तिने विचारलं, जयवंतने विचारलं, शेवटचं काय बोलले बाबा? काहीच नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. त्यांनी गाऱ्हाण्यात माझ्यासमोर स्वतःला देऊन टाकलं आणि मी 'व्हय' म्हणालो, हे मी अजून कोणाला सांगू शकलेलो नाही.